ओळखीचं कुणी नसलेलं बेट

मिनास नेमका कसा माणूस होता, हे लिनार्दोसला कधी नीट कळलं नाही. वर्षानुवर्षं दोघं मार्गीच्या कॉफीच्या दुकानात एकाच टेबलाशी बसले, फासे टाकले, एकमेकांच्या सोंगट्या मारल्या. पण मिनासला कशाची भीती वाटायची, बायकोशी तो घरात काय बोलायचा, रात्री त्याला झोप लागायची की नाही, यातलं लिनार्दोसला काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की दान वाईट पडलं की तो संतांना सोडून बाकी सगळ्यांना शिव्या द्यायचा, कॉफीत साखर जास्त घालायचा, आणि बोटीचा भोंगा ऐकला की डाव अर्धा टाकून उठायचा.

सेरिफोस या ग्रीक बेटाच्या बंदरावर उन्हाळाभर खोल्या भाड्यानं देणारे खोल्यावाले आपापल्या पाट्या घेऊन उभे असतात. बाकीचे ओरडायचे, प्रवाशांच्या पिशव्या ओढायचे. मिनास मात्र पाटी छातीशी धरून नुसता उभा राहायचा, चर्चमध्ये मेणबत्ती धरून उभं राहावं तसा. आणि तरुण जोडपी नेमकी त्याच्याचकडे वळायची. त्याच्या खोल्या बंदरामागच्या चढावर होत्या. गच्चीवर कालिरोईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वाळत घातलेल्या चादरी बोटीतून येतानाच दिसायच्या.

लिनार्दोस बंदरावरच बोटीची तिकिटं विकायचा. निवृत्त होईपर्यंत त्यानं लोकांना कुठं कुठं पाठवलं, पण स्वतः तो लष्करातली नोकरी सोडली तर अथेन्सजवळच्या पिरेयस बंदराच्या पलीकडे कधी गेला नव्हता. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला, दुकानात दुसरं कुणी नसताना, मिनासनं फासे मुठीत घेतले आणि टाकलेच नाहीत.

"लिनार्दो, तुझ्याकडे एक काम आहे. दोघांसाठी बेटावरची सुट्टी ठरवायची आहे."

"कुणासाठी? जर्मन आहेत का?"

"नाही रे."

"मग फ्रेंच असतील. ते मे महिन्यात येतात."

"मी आणि कालिरोई."

लिनार्दोसनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर समुद्र होता, दोन होड्या होत्या, धक्क्यावर मांजरं बसली होती. तो पुरता बुचकळ्यात पडला.

"पण मिना, आपण बेटावरच राहतो ना?"

"तिथंच तर घोडं पेंड खातंय."

"आणि कालिरोई तर लेकीकडे गेलीय, फ्लोराकडे, अथेन्सला. नातवाला सांभाळायला."

"नातू दाढी करायला लागलाय. त्याला काय सांभाळायचं?" मिनासनं फासे टेबलावर ठेवले. "शेवटचं जोडपं गेलं, त्यांची चादर काढता काढता ती पलंगावर बसली. म्हणाली, मिना, लग्न झाल्यापासून मी दुसऱ्यांच्या सुट्ट्या धुतेय. एकदा तरी मला दुसऱ्या कुणी घातलेल्या अंथरुणात झोपू दे. जिथं मला कुणी नावानं हाक मारणार नाही, तिथं पाहुणी म्हणून ने. नेशील तेव्हा तुझ्याबरोबर परत येईन. नाहीतर फ्लोराची मागची खोली मला पुरते."

"रागाच्या भरात बोलली असेल."

"रागात असती तर बरं होतं. शांत होती. उशा कपाटात ठेवल्या आणि बोटीत बसली."

"काय कुजबुजताय रे म्हाताऱ्यांनो?" मार्गीनं शेगडीजवळून विचारलं. "बँक लुटताय का? मलाही हिस्सा ठेवा."

"तुझी कॉफी कशी बिघडली ते बोलतोय," मिनास म्हणाला, आणि आवाज खाली आणला. "तू सगळ्या बेटांची तिकिटं विकलीस. तूच सांग कुठं जायचं."

आपल्याला तिकिटांपलीकडे काही ठाऊक नाही, हे कबूल करायची लिनार्दोसला लाज वाटली. त्यानं आठवेल ते पहिलं नाव घेतलं.

"सीफ्नोस?"

"स्तेलिओस आहे तिथं. आमच्या लग्नात डोक्यावर मुकुट धरणारा, सख्ख्या नात्यातलाच म्हण. त्याच्या घरी न उतरता भाड्याची खोली घेतली तर जन्मभर तोंड पाहायचा नाही. आणि उतरलो की कालिरोई त्याच्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात. चण्याची हंडी कोण घासणार, स्तेलिओस?"

"पारोस?"

"तिची मावसबहीण."

"मग इकारिया."

"लष्करातला दोस्त. तो पाजायला लागला की परतीची बोट कुणाला दिसत नाही."

"तिनोस?"

"अरे, तिनोसला नवस फेडायला जातात, सुट्टीला कोण जातं?"

असं करता करता अर्धा समुद्र संपला. प्रत्येक बेटावर कुणी ना कुणी होतंच: व्याही, मानलेला भाऊ, बाप्तिस्म्याला हातात घेतलेलं मूल. लिनार्दोसला पहिल्यांदाच वाटलं की एवढा मोठा समुद्र म्हणजे एकच गल्ली आहे, आणि तिच्यात दोन माणसांना दार लोटून बसायला जागा नाही.

शेवटी मिनासनं फोलेगांद्रोसला फोन लावला. तिथं त्याचं कुणी नव्हतं. लिनार्दोस शेजारीच बसून ऐकत होता.

"खोली आहे का हो, दोघांसाठी, ईस्टरनंतर?"

"आहे की," पलीकडून बाईचा आवाज आला. "कुणाचे तुम्ही?"

हा प्रश्न बेटावरच्या माणसाला विचारला की उत्तर आपसूक येतं. मिनासनंही दिलं. "सेरिफोसचा मिनास. मचव्यावरच्या झानेसचा मुलगा."

"अगं बाई! झानेसबाबांचे? माझ्या सासऱ्यांना त्यांनीच वादळातून ओढून आणलं होतं! खोलीचं नावसुद्धा काढायचं नाही. आमच्या घरी उतरायचं. आणि बाईंना सांगा, पीठ मळायला मला सोबत झाली हो."

मिनासनं फोन ठेवला. किमोलोसला लावला. तिथंही हेच झालं, फक्त तिथं वडिलांऐवजी आजोबा निघाले.

"तू सांगतोसच का?" लिनार्दोस म्हणाला.

"विचारलं तर काय करू?"

"खोटं बोल. म्हण, अथेन्सचा आहे."

"बरं. तालीम घे माझी. तू बाई हो."

लिनार्दोस कानापर्यंत लाल झाला. तरी त्यानं बारीक आवाज काढला. "कुणाचे तुम्ही?"

"अथेन्सचा."

"अथेन्सचे, पण कुणाचे?"

मिनासचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "झानेसचा," तो म्हणाला.

"मेलास."

"आपला बाप नाकारू कसा रे? तो वरून ऐकतोय ना."

मार्गी हातात झारा घेऊन केव्हाची उभी होती. "ही बाई कोण होती रे आत्ता बोलणारी?" तिनं विचारलं, आणि पोट धरून हसत आत गेली.

काही दिवस मिनास दुकानात आलाच नाही. आला तेव्हा दाढी वाढलेली होती. फ्लोराचा फोन आला होता. कालिरोईनं मागच्या खोलीसाठी नवा पडदा शिवायला घेतला होता. मिनासनं एवढंच सांगितलं आणि फाशांकडे बघत बसला. पडदा म्हणजे काय, हे लिनार्दोससारख्या एकट्या माणसालाही कळलं. जिथं राहायचं असतं तिथंच पडदा शिवतात.

त्यानं मिनासपुढचा फोन ओढून घेतला. आपण हे का करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आयुष्यात त्यानं अनोळखी बाईला कधी फोन केला नव्हता. आनाफी हे सगळ्यात टोकाचं बेट. तिथलं तिकीट त्याच्याकडे क्वचितच कुणी मागायचं, म्हणून तेच त्याला सुचलं.

"खोली हवी होती, ईस्टरनंतर," तो म्हणाला. "दोघांना."

"मिळेल. कुणाचे तुम्ही?"

त्यानं पाठ करून ठेवलेलं सगळं उडून गेलं. मिनास डोळे वटारून बघत होता. लिनार्दोसच्या तोंडून निघालं, "कुणाचाच नाही, बाई."

"म्हणजे? आईवडील?"

"नाहीत."

"भाऊ? बहीण?"

"नाहीत."

"देवा रे! बायको तरी आहे ना?"

मिनास जोरजोरात मान डोलवू लागला. "आहे," लिनार्दोस म्हणाला.

"नाव सांगा."

आता कुणाचं नाव सांगायचं, हा विचार करायलाही त्याला सवड मिळाली नाही. "लिनार्दोस," तो म्हणाला.

"या हो, लिनार्दोस. समुद्राकडची खोली देते तुम्हाला. ज्यांचं कुणी नाही ते देव माझ्याकडेच पाठवतो. काही आणू नका, बायकोला हातसुद्धा हलवू देणार नाही मी."

फोन बंद झाला. मिनासनं त्याच्या पाठीत असा धपका घातला की कॉफी सांडली. "लेका! आणि तू आयुष्यभर खिडकीमागे बसून तिकिटं फाडलीस! तुला नाटकात घ्यायला हवं होतं. एवढं खोटं?"

लिनार्दोस टेबल पुसत होता. आपण काय काय बोललो ते त्यानं मनात पुन्हा घोळवलं, आणि घरी जाईपर्यंत तो त्याच घोळात होता. बायको सोडली तर त्यात काहीच खोटं नव्हतं.

ईस्टर झाल्यावर मिनास एक लहान बॅग घेऊन बोटीत बसला. अथेन्सहून कालिरोईला घेऊन तो पुढं आनाफीला जाणार होता. ती येईलच याची त्याला खात्री नव्हती. फोनवर ती "बघू" एवढंच म्हणाली होती. जाताना त्यानं आपली पाटी लिनार्दोसच्या हातात दिली. "येईपर्यंत धर," तो म्हणाला. नुसती जपून ठेवायची, की खरोखरच धरून उभं राहायचं, हे लिनार्दोसला कळलं नाही. म्हणून तो रोज बोटीच्या वेळी पाटी घेऊन धक्क्यावर जाऊ लागला. बाकीचे खोल्यावाले हसायचे. "काय हो, नवी शाखा उघडली का?" एकदा एक जोडपं खरंच त्याच्यासमोर येऊन थांबलं. त्यानं घाईघाईनं पाटी उलटी केली आणि त्यांना शेजारच्याकडे धाडलं.

बोटी येत होत्या, जात होत्या. मिनासचा फोन नव्हता. लिनार्दोसला रात्री भलतेसलते विचार यायचे. कालिरोई आलीच नसेल. मिनास एकटाच त्या खोलीत बसला असेल, आणि तेही आपल्या नावानं.

मग एका दुपारी बोटीचं दार खाली आलं आणि सगळ्यांच्या शेवटी मिनास उतरला. दोन्ही हातांत बॅगा, काखेत एक टोपली, कपाळावर घाम. त्याच्या मागं कुणी दिसेना. लिनार्दोसची पाटी खाली आली. तेवढ्यात ट्रकच्या आडून कालिरोई आली. हातात काहीही नाही, डोक्यावर गवती टोपी, आणि चाल अशी, जणू पहिल्यांदाच या बंदरावर पाय ठेवतेय. ती सरळ लिनार्दोससमोर येऊन उभी राहिली आणि पाटी वाचली.

"काय हो, खोली आहे का?"

"आहे. म्हणजे तुमचीच आहे. म्हणजे—"

"आणि तुम्ही कुणाचे?" तिनं विचारलं.

लिनार्दोसनं पाटी तोंडापुढं धरली. ती इतकी हसली की टोपी उडाली, आणि मिनास बॅगा टाकून टोपीमागे धावला.

त्या उन्हाळ्यापासून गच्चीवर चादरी मिनास वाळत घालू लागला. एक बाजू जमिनीला लागायची, चिमटे कमी पडायचे. कालिरोई खाली अंगणात कॉफी घेत बसायची आणि वर बघून सूचना द्यायची: "डावीकडं ओढ! डावीकडं म्हटलं, ती उजवी!" आनाफीला नेमकं काय झालं, ते मिनासनं कधीच सांगितलं नाही. लिनार्दोसनंही विचारलं नाही. विचारावं असं रोज वाटायचं, पण तोवर फासे पडलेले असायचे. पुढं दर ईस्टरला मात्र आनाफीच्या त्या बाईचा फोन येऊ लागला, आणि मिनास तो लिनार्दोसच्या हातात द्यायचा. "कसे आहात, लिनार्दोस? आणि बायको?" लिनार्दोस म्हणायचा, "बरी आहे." आता खरं सांगायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

मिनास एका हिवाळ्यात झोपेतच गेला. चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर कालिरोईनं, गेलेल्याच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची पुडी लिनार्दोसच्या हातात ठेवली, आणि त्यानं न विचारताच ती बोलली.

"तिथं त्याला सगळे तुझ्या नावानं हाक मारायचे. हा वळून बघायचाच नाही. बाईला वाटलं, बिचारा बहिरासुद्धा आहे. मग ती कानात ओरडून वाढायची." ती डोळे पुसता पुसता हसली. "आणि बोट आली की हा धक्क्यावर. पाटी नाही, काही नाही, नुसता उभा. मी वरून बघत होते, लिनार्दो. अंथरुण दुसऱ्या बाईनं घातलेलं होतं, माझे हात रिकामे होते, आणि हा खाली उभा, कुणाची वाट बघत कोण जाणे. तेव्हा म्हटलं, चल, जाऊ घरी."

लिनार्दोसनं मान हलवली. का चल म्हणाली, हे त्याला नीट कळलं नाही. मिनास तिथं कुणाची वाट बघत असेल, आणि त्या थोड्या दिवसांत आपल्या नावाचा माणूस सुखी होता की नाही, हेही कळलं नाही. गव्हाची पुडी खिशात ठेवून तो बंदराकडे उतरला. वाऱ्यानं बोट रद्द झाली होती. ज्या संध्याकाळी मिनास शेवटचा भेटला, त्या संध्याकाळीही असाच वारा होता. मार्गी खुर्च्या आत घेत होती आणि मिनास दारात मफलर गुंडाळत उभा होता.

"लिनार्दो, तुझ्याकडे उशीचा जास्तीचा अभ्रा आहे का रे? एक उडून गेला समुद्रात."

"आहे. पण निळा आहे."

"चालेल. उद्या नेतो."