मागे वळलेली मान

सुट्टीत आम्ही खाडीतल्या एका बेटावर गेलो होतो. रविवारी मुलीला घेऊन तिथल्या लहानशा चर्चमध्ये उपासनेला बसले. प्रवचन चालू असताना मागच्या बाकावर एक तान्हे मूल रडू लागले आणि मी वळून पाहिले. आमच्या चर्चमध्ये मी रविवारची शाळा घेते. मी असे रोखून पाहिले की तिथली मुले गप्प होतात. हे मूल गप्प झाले नाही. त्याची आई मात्र उठून बाहेर गेली.

“आई, तू त्या मावशींकडे वर्गातल्यासारखं बघितलंस,” मुलगी कुजबुजली.

माझ्याखेरीज कोणाचीच मान वळली नव्हती. प्रवचन करणाऱ्या पाळकांनी फक्त आवाज थोडा चढवला होता. प्रभूने बालकांना जवळ बोलावले, हा धडा मी दरवर्षी शिकवते; त्या बालकांपैकी एखादे रडत असेल, हे मला कधी सुचलेच नव्हते.

मी बाहेर गेले. ती भिंतीच्या सावलीत बाळाला थोपटत होती.

“आत चला ना,” मी म्हटले.

“नको बाई, तुम्ही बसा आत. आम्हांला इथूनही ऐकू येतं.”

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मी अधिकच ओशाळले. आत गीत सुरू झाले. बाळाला डोलवत तीही गाऊ लागली. मला मात्र आत जाऊन बसवेना.