रमजानातली चूल

लुत्फा आपा वीस वर्षं बांगलादेशातल्या बरिशालच्या गावांत पाहणीचे फॉर्म भरत होती. आम्हा सगळ्यांना तिनेच शिकवलं होतं, की एका चुलीवर जेवतात ते एक घर.

सुधारित चुलींमुळे दर घरामागे जळण निम्म्यावर आलं, असा अहवाल तयार झाला होता. चुलींना पैसे देणारे पाहुणे बाहेर येऊन बसले होते. मी शेवटचं पान टाइप करत होतो, तेवढ्यात आपा आत आली.

"साहेब, पहिली पाहणी रमजानात झाली. तेव्हा वेगळे झालेले भाऊही इफ्तारला आईकडेच जेवतात. आपण तीन घरांचं एक घर धरलं. दुसऱ्या पाहणीत तिन्ही चुली वेगळ्या पेटल्या होत्या. जळण वाचलं नाही, घरं वाढली."

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख आरेफिन साहेब यांचा चेहरा उतरला. "हे आज सांगताय?"

"आज कळलं. पद्धतीच्या प्रकरणात लिहा."

"लिहिलं तर अहवाल गेला, आपा. आणि चूक कुणाची म्हणून लिहू?"

माझी बोटं थांबली. नियम तिचा, पण फॉर्म आम्ही भरले होते.

"माझी," आपा म्हणाली. "लुत्फुन्नेसा बेगम, पूर्ण नाव घाला. त्या महिन्यात माझी स्वतःची चूल बंद होती. मी सासूकडे जेवत होते आणि दारोदार चुली मोजत होते."