इजिप्तचे पंडित

आमच्या राजुरीचे हे पंडित जन्मभर इजिप्तच्या मेलेल्या राजांचा अभ्यास करतायत. सुट्टीला गावी आले की कुणाच्याही दशक्रियेला हजर. जिवंतांशी त्यांचं फारसं जमत नाही. घाटावर सगळे कावळ्याची वाट बघत असताना हे शेजाऱ्याला ऐकवणार, "मेलेल्याला भूक लागते ही समजूत फार प्राचीन. मोठी रंजक आहे." बाया रडतायत आणि ह्यांना रंजक!

परवा त्यांच्याच वडलांचा दहावा होता. तासभर झाला तरी पिंडाला कावळा शिवेना. पंडित उठले, त्यांनी चुना लावून तंबाखू मळली आणि पिंडाशेजारी हळूच ठेवली.

मला राहवलं नाही. "मेलेल्याला तलफ बी येते व्हय, भाऊ?"

"गप राव," ते म्हणाले, "जेवल्यावर लागती त्यांना."