डेल्मरची पहिली कढई

डेल्मर हार्म्सने उभ्या जन्मात अंडंसुद्धा उकडलं नव्हतं, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नव्हतं. आयोवातल्या त्यांच्या भागात तो हिवाळाभर बर्फ हटवायची गाडी चालवायचा, रस्ते मोकळे करायचा. घरी यायची वेळ म्हणून ठरलेली नसे. म्हणून त्याची बायको आर्डिथ सगळं एकाच बिडाच्या कढईत करी: बीफचा खिमा, कांदा, टोमॅटो, तांदूळ, वरून भरपूर चीज. झाकून ठेवलं की नवरा कधीही उगवो, जेवण तयार. तो निवृत्त झाला तरी कढई काही निवृत्त झाली नाही.

या वसंतात मात्र आर्डिथच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिचं अन्नावरचं मनच उडालं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, सोमवारपर्यंत नीट खायला लागली नाही तर परत दवाखाना आणि नाकातून नळी.

"मी नाही जायची," आर्डिथ म्हणाली.

 

चर्चमधल्या बायका रीतीप्रमाणे भांडी पाठवत होत्या, प्रत्येकीच्या भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. आर्डिथ दोन घास खायची आणि म्हणायची, "छान झालंय हं." त्या गावात दुसऱ्याच्या अन्नाला कोणी नावं ठेवत नाही. अगदीच घशाखाली उतरेना तर "जरा वेगळं लागतंय" म्हणतात आणि कुत्र्याला घालतात.

शनिवारी शेजारची मार्लिस आपलं भांडं न्यायला आली, तर ते जवळजवळ भरलेलंच.

"डेल्मर, आमचं खाऊन तिला पाहुणी झाल्यासारखं वाटत असेल. तिला घरचं करून घाल."

"कोण, मी?"

"नाही, तुझी बर्फाची गाडी."

तेव्हा त्याने कढई काढली. खिमा परतला, तो बरा परतला गेला. तांदूळ टाकले, टोमॅटोचा रस्सा ओतला, झाकण ठेवलं. इथवर ठीक होतं. मग स्वभाव आडवा आला. रस्ता एकदा साफ केला की घरी बसणारा तो माणूस नव्हे. पुन्हा फेरी मारून बघणारा. तसंच त्याने झाकणाचं केलं. उचल, बघ, ठेव. दर वेळी वाफ छताला गेली. शेवटी रस्सा आटला, तेव्हा भात झाला असं समजून त्याने वर चीज पसरलं आणि ताट तिच्यापुढे नेलं.

आर्डिथने एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"छान झालंय हं," ती म्हणाली आणि काटा खाली ठेवला.

 आता सोमवारी हिला दवाखान्यात न्यावं लागणार, डेल्मरच्या मनात आलं. तो खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "मार्लिसला सांगतेस तसं मला सांगू नकोस, आर्डिथ. मी काही चर्चमधून आलेलो नाही."



"भात कच्चा आहे," ती म्हणाली. "गोट्या खाल्ल्यासारखं वाटतंय. झाकण उघडलं होतंस?"

"एकदा."

"डेल्मर."

"मोजलं नाही."

"आणि मीठ कुठाय? की तेही मार्लिसकडून आणायचंय?"

टेबल धरत धरत ती उठली. त्याने हात पुढे केला, तो तिने झिडकारला. मग दोन पावलांवर स्वतःच धरला. शेगडीजवळच्या स्टुलावर बसून तिने त्याला ताटातलं कढईत ओतायला लावलं, मीठ, वाटीभर गरम रस्सा घालायला लावला, आच बारीक करायला लावली.

"आता झाक."

त्याने झाकलं. थोड्या वेळाने त्याचा हात झाकणाकडे निघाला. आर्डिथने त्याचं मनगट पकडलं. ऑपरेशनपासून तिच्या हातात जोर म्हणून नव्हता. त्याला सहज सोडवता आलं असतं. त्याने सोडवलं नाही. दोघं तशीच शेगडीपाशी बसून राहिली, आत काय चाललंय ते न बघता.

तिनेच झाकण काढायला सांगितलं. ताटात वाढून घ्यायचाही धीर तिला नव्हता. तिने चमच्याने कढईतूनच खाल्लं, फुंकर मारत, सावकाश, मध्ये थांबून. कढईची तिच्याकडची बाजू रिकामी झाली. मग कडेला खरपूस लाल झालेल्या चीजकडे डेल्मरचा चमचा वळला, तेव्हा तिने आपला चमचा आडवा घातला.

"ती कड माझी," आर्डिथ म्हणाली.