सोनेरी टोपीचा अँटेना

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या निकेशचा हात कधी हलत नसे. डोकं मात्र गेले आठ महिने ठिकाणावर नव्हतं, आणि ते फिरवलं होतं एका बोटभर अँटेनाने.

निकेश ड्रोनच्या शर्यती खेळायचा. डोळ्यांवर गॉगल चढवायचा, ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून समोरचं बघायचं आणि मैदानात उभ्या केलेल्या कमानींमधून ड्रोन सुसाट काढायचा. पस्तिशी उलटली होती. यंदा पुण्याच्या मोठ्या शर्यतीत निवड झाली नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आणि इथे रोह्याकडे, धाटावजवळच्या मैदानावर दर रविवारी तिसऱ्या कमानीला चित्र फाटायचं. गॉगलमध्ये नुसत्या मुंग्या, ड्रोन गवतात.

त्याने करायचं काय बाकी ठेवलं होतं? अँटेना सरळ उभा लावून पाहिला. मग मागे झुकवला, कारण ड्रोन पुढे वाकून पळतो. बॅटरीच्या आडून वर काढला. ड्रोनवरचा आणि गॉगलवरचा, दोन्ही आतल्या तारांच्या उजव्या पिळाचेच घेतले. पीळ उलटा पडला की सिग्नल मरतो, हे त्याला पाठ होतं. ड्रोनवरचे तीन अँटेना बदलून झाले. दुकानदाराला शिव्या घातल्या, मैदानाशेजारच्या पत्र्याच्या शेडना घातल्या. बायको, ऋतुजा, जरा दमानं घ्या म्हणाली, तर तिच्यावरच डाफरला. इतका वैताग त्याला भाद्रपदाच्या तोंडावर दोनशे मूर्ती अंगावर असतानाही आला नव्हता.

निवडीच्या दिवशी त्याच मैदानावर तीन फेऱ्या होत्या. पहिल्या दोन तिसऱ्या कमानीलाच संपल्या. सौदीतून सुट्टीवर आलेला त्याचा रोह्याचा मित्र नावेद शर्यत बघायला आला होता. पडलेला ड्रोन उचलून आणता आणता तो थबकला. अँटेनाची प्लास्टिकची टोपी उन्हात सोन्यासारखी चकाकत होती. त्याने ती नखाने खरवडली.

"हे काय लावलंस?"

"पितळेची पावडर. बाप्पाच्या मुकुटाला लावतो तीच."

निकेशला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. बिनरंगाची वस्तू हातातून सोडायची नाही, ही कारखान्याची सवय. प्रत्येक नवा अँटेना घरी आला त्याच दिवशी त्याने हौसेने रंगवला होता.

"आरं, धातूनं लिंपून ठेवलास की त्याला. सिग्नल भायेर येल कसा? जवळ हाय तवर चालतंय, लांब गेला की मेला."

निकेशने कटर मागून घेतला, टोपीच कापून फेकली आणि आतल्या तांब्याच्या उघड्या तारांनिशी तिसऱ्या फेरीला उभा राहिला.

तिसरी कमान आली आणि गेली. चित्र आरशासारखं लख्ख. मग चौथी कमान, डावीकडे काटकोनात वळलेली. भरवेगात त्याने ती कधी घेतलीच नव्हती. हात वळला, पण उशिरा. कमानीचा खांब जवळ येताना त्याला अगदी स्वच्छ दिसला, त्यावरच्या चिकटपट्टीच्या सुरकुतीसकट.

आठ महिने तो तिसऱ्या कमानीशीच भांडत बसला होता. चौथी शिकायची राहून गेली होती.