जिनपाचीच्या खिशातली गुलाबी नळी

आमच्या किल्ल्याच्या खंदकात नाव चालवणारा जिनपाची साठी उलटली तरी कोणाच्या अध्यात ना मध्यात. तोंड उघडणार ते गाण्यापुरतं, कारण खंदकात नावाड्यानं गायचं ही आमच्याकडची रीत. अशा माणसाबद्दल काही निघालं की मला जेवण गोड लागतं.

निघालं ते त्याच्या कोटाच्या खिशातून. त्याची बायको किनुए धक्क्यावरच्या माझ्या चहाच्या दुकानात येऊन बसली.

"तोमेताई, ह्यांच्या खिशात ओठांना लावायची गुलाबी नळी होती. पाहिली आणि होती तशी ठेवली."

"नवी?"

"अर्धी झिजलेली."

"मग कोणाच्या तरी ओठांवर झिजली असणार," मी म्हटलं. खोटं काय त्यात?

"आज डोळ्यांनी बघते. कोणी सटवी निघाली तर उद्याच बहिणीकडे. परत तोंड दाखवायची नाही."

तिनं तोंडाला मास्क, डोक्याला मफलर बांधला. असला तमाशा चुकवायचा नव्हता, म्हणून मीही दुकान लोटलं. हिवाळ्यात नावेत बुटक्या मेजाखाली शेगडी आणि मेजावर पसरलेली रजई असते. तिच्याखाली पाय घालून आम्ही जिनपाचीच्या नावेत मागे बसलो. समोर हॅटवाली एक बाई. जिनपाची काहीही बोलला की हसायची.

किनुएनं रजईखाली मला चिमटा काढला. "हीच."

"लक्षण तरी तसंच आहे."

बुटका पूल आला. तिथं नावेचं छप्पर खाली घ्यावं लागतं. "माना खाली," जिनपाची म्हणाला आणि सगळ्यांनी कपाळं रजईला टेकली, हॅटवालीनंसुद्धा. आम्ही दोघींनी माना तिरक्या ठेवल्या. जिनपाची उकिडवा बसला, कोणी बघत नाही याची खात्री केली, नळी काढली आणि स्वतःच्याच फुटलेल्या ओठांवरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवली. छप्पर वर गेलं तसा गायला लागला.

धक्क्यावर उतरवताना त्यानं किनुएचा हात धरला आणि तसाच थिजला. "तू?"

"ओठ फुटलेत हे घरी सांगता येत नव्हतं?"

"बायकी वाटतं."

"मग गुलाबी कशाला घेतलीत?"

"दुकानातल्या मुलीनं हातात ठेवली. मी घेतली."

किनुएनं मफलर सोडून त्याच्या गळ्यात गुंडाळला. "लवकर या घरी. मध लावते."

कुठलं दुकान, कुठली मुलगी, हे तिनं विचारलं नाही. मी विचारणार होते, पण तिनं माझा दंड धरून चालायला लावलं.