उतारावर धूर नव्हता

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर गिचमिड. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्यानं माफ करावं. पण जे झालं ते मी लिहिणारच.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, फौजेत जीप चालवून नागपूरला परतले. माझी सोन्याची पोत विकून त्यांनी लिलावातून फौजेची एक जुनी परदेशी गाडी घेतली. उमरेडपलीकडच्या टेकड्यांवरून सीताफळं आणायची आणि कमाईतून पोत परत करून द्यायची, असं ठरलं.

गाडी दिसायला जीपसारखी, पण इंजिन टू-स्ट्रोक. त्याचं वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. ते काम माझ्याकडे आलं. चूल पेटवायच्या आधी अंगणात पेट्रोलच्या डब्यात तेल ओतून तो हलवायचा. गाडी निळा धूर सोडी. दोरीवरच्या लुगड्यांना वास येई. शेजारीण म्हणे, "काहून वं, कपडे धुऊन राहिली का धुरी देऊन राहिली?" पेट्रोल गाडी पाण्यासारखं पिई, आणि चिखलात हळू चालवली की दम तोडी.

एका दुपारी टोपल्या सांभाळत मी मागे बसले होते. लांब उतारावर इंजिनच गाडी आवरेल म्हणून भासऱ्यांनी जीपच्या सवयीनं ती गिअरमध्ये ठेवली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी आवरेना. ब्रेक तापले. उतार संपता संपता इंजिन जाम झालं.

घरी येऊन ते नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोनं तेल कमी टाकलं. आता पोत मागू नको म्हण तिले."

आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. काही सांगायचं तर दाराआडून, नवऱ्याच्या तोंडून. नवरा मान खाली घालून बसला होता. मी पदर पुढे ओढला आणि बाहेर आले.

"तेल बरोबर होतं. चढावर धूर होता. तुम्ही पाय काढला अन् धूर बंद झाला. मी मागंच पाहून राहिली होती. पेट्रोलच गेलं नाही, तर तेल कुठून जाईन?"

सासू ओरडली, "लाज विकली का वं?"

"पोत विकली. लाज नाही. अन् पोत मले पाहिजे."

भासरे अंगणात गेले. डब्यात उरलेलं पेट्रोल त्यांनी बोटांवर चोळून पाहिलं. बोटं तेलकट झाली.

गाडी भंगारात गेली. ते दुसऱ्याच्या ट्रकवर लागले. पहिल्या पगारातले पैसे त्यांनी नवऱ्याच्या हाती दिले, ते मी परत पाठवले. पोत माझी होती. मग ते दर महिन्याला स्वतः येऊन पैसे उंबऱ्यावर ठेवू लागले. असं कितीतरी दिवस चाललं.

एकदा पैसे ठेवून ते म्हणाले, "पोतीचे सारे झाले."

मी त्यांच्यासमोरच मोजले. पुरे होते.